खिळ्यावरची वायर

घरतकाका फोन उचलायचे, समोरच्याचं नाव ऐकायचे आणि "ठेव, मी करतो" म्हणून फोन आपटायचे. खरोखर आपटायचे, रिसीव्हरच्या एका कानाला त्यामुळे तडा गेला होता आणि त्यावर निळी चिकटपट्टी होती. समोर महाडचा ऑपरेटर असो, मुंबईच्या मुख्य कचेरीतला साहेब असो, नाहीतर त्यांची स्वतःची मुलगी असो. मुलगी उरणजवळच्या त्यांच्या गावातून, किराणा दुकानातल्या फोनवरून बोलायची. तिलाही तेच. मग ते खणातून एक लांबट रजिस्टर काढायचे, बोटानं नंबर शोधायचे आणि पाठ असलेला नंबर पुन्हा बघून एकेक आकडा फिरवायचे. मी नवीन असताना एकदा विचारलं, "काका, मुलीचा आवाजही ओळखत नाही तुम्ही?"

"मी वलखतो गो बाय," ते म्हणाले. "रजिस्टर वलखत नाय."

आमची कंपनी टँकरमधून रसायनं पोचवायची. पनवेलला गोवा रस्त्याला लागून कचेरी आणि तिच्या मागच्या खोलीत, काचेआड, कंपनीचा मोठा संगणक. नव्वदीची नुकती सुरुवात होती. तळोजा, रोहा, महाड, लोटे इथल्या शाखांमध्ये फक्त एकेक पडदा आणि कीबोर्ड. त्यांना काही बघायचं किंवा भरायचं असलं की टेलिफोनच्या तारेवरून पनवेलच्या संगणकाशी जोडून घ्यावं लागे. ती तार ज्या डबीतून संगणकात शिरत असे त्या डबीला मोडेम म्हणत, आणि त्या मोडेमवर काशिनाथ घरत यांची नेमणूक होती. मी त्याच खोलीत नोंदी भरायच्या कामाला होते.

काका मूळचे कंपनीचे टेलिफोन ऑपरेटर. मॅट्रिक झालेले, पन्नाशीचे, काळेसावळे, बुटके. संगणक आला तेव्हा मुंबईच्या इंजिनियरांनी सांगितलं होतं की प्रत्येक शाखेला पासवर्ड दिला की झालं. काकांनी महिनाभर बघितलं. मग मॅनेजरसमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, चार ब्रँचा हायत. पासवर्ड काय? गणपती, गणपती एक, गणपती दोन नि गणपती तीन. रोह्याला तर पडद्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवलाय. शब्द काय, कोनीबी बोलतो. जागा कुठून आनणार?" तेव्हापासून त्यांची पद्धत सुरू झाली. शाखेनं फोन करायचा, काकांनी तो ठेवायचा, आणि रजिस्टरमध्ये लिहिलेल्या नंबरवर स्वतः उलटा फोन करायचा. त्या जागी खरंच ती शाखा असेल तरच ती उचलणार. मग मोडेमला वायर लावायची. काम झालं की वायर काढायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. जेवायला उठले तरी वायर खिळ्यावर. दोन मिनिटं हात धुवायला गेले तरी वायर खिळ्यावर.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचे वडील मिठागराच्या बांधावर उघाडी राखायचे. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं लाकडी दार. काका सांगायचे, "उधानाच्या टायमाला गावचा पाटील येऊन बोलला, उघड, तरी बापूस उघडत नसं. पाटील रागावतो, आठ दिसांनी परत बोलाय लागतो. पन खारा पानी शेतात शिरला तं तीन वरसं भात व्हत नाय." एवढं सांगून ते समोरच्या खिळ्याकडे बघायचे, जणू त्या वायरीच्या टोकाला भरती लागलेली आहे.

टँकरचा ड्रायव्हर इब्राहिमभाई त्यांचा जुना दोस्त. पनवेलच्या मोहल्ल्यात राहायचा. कागद घ्यायला आला की काकांच्या टेबलाशी उभा राहून चहा प्यायचा आणि त्यांना छळायचा.

"घरत, उद्या मौतचा फोन आला तरी तू बोलशील, ठेव, मी करतो!"

"बोलनार," काका म्हणायचे. "नि करनारच नाय."

इब्राहिमभाई इतका हसायचा की बशीतला चहा रजिस्टरवर सांडायचा. मग काका ते पान पंख्याखाली धरून वाळवायचे आणि त्याला शिव्या द्यायचे. ते डाग त्या रजिस्टरवर शेवटपर्यंत होते.

या सगळ्याचा माणसांच्या जिवाशी काय संबंध, हे मला फार उशिरा कळलं. तो असा होता. एकच टँकर आज हायपो वाहायचा, म्हणजे ब्लीचिंगचं पाणी, आणि उद्या ॲसिड. मधे तो आतून धुवावा लागे. तळोज्याच्या यार्डात तो धुतला जाई आणि तळोज्याची शाखा संगणकात नोंद करी: धुतला. महाडला ॲसिड भरायच्या आधी तिथला माणूस पडद्यावर तो शब्द बघे. धुतला असेल तर भरा, नसेल तर परत पाठवा. हायपोच्या गाळावर ॲसिड पडलं की पिवळसर हिरवा वायू सुटतो, आणि टँकरच्या झाकणाशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत तो पहिल्यांदा जातो. सगळं त्या एका शब्दावर होतं. तो शब्द खरोखर तळोज्याहून आला आहे की नाही, हे बघणारा माणूस एकच होता.

मॅनेजर सबनीस साहेब वाईट माणूस वाटायचे नाहीत. हसून बोलायचे, दिवाळीला सगळ्यांच्या टेबलापाशी येऊन हात मिळवायचे. पण मुंबईची मुख्य कचेरी त्यांच्या मानेवर बसलेली असे. मुंबईला दर वेळी उलट्या फोनसाठी दहा मिनिटं थांबावं लागतं, ही तक्रार रोज. एकदा ते खोलीत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "घरत, जग कुठे चाललंय आणि तुम्ही अजून फोन ठेवताय!"

"जग जाऊ द्या साहेब," काका म्हणाले. "वायर तेवढी खिळ्यावर ऱ्हाऊ द्या."

सगळे हसले. साहेबही हसले. पंधरा दिवसांनी मुंबईहून इंजिनियर आले आणि साहेबांच्या केबिनमध्ये, कपाटामागे, दुसरा मोडेम बसवून गेले. त्याला स्वतंत्र टेलिफोन लाइन. तो अहोरात्र चालू. कुणीही, कुठूनही तो नंबर फिरवावा. मोडेम आपोआप फोन उचलणार आणि पासवर्ड विचारणार. गणपती.

काकांनी मला जेवणाच्या सुट्टीत केबिनच्या दाराशी नेऊन ती डबी दाखवली. लाल दिवा लागलेला होता. "ही बघ," ते म्हणाले, "उघाडी फोडली." मग त्यांनी माझ्याकडून साहेबांच्या नावे पत्र लिहून घेतलं. या मोडेमवरून कोणतीही व्यक्ती कोणत्याही शाखेच्या नावाने नोंद करू शकेल. तरी तो बंद करावा. मला ते पत्र फार रुक्ष वाटलं होतं. आवक विभागातल्या कारकुनानं ते घेतलं नाही, शिक्का मारला नाही. "साहेबांनी सांगितलंय, घरतचं पत्र आवकमध्ये घ्यायचं नाही," तो म्हणाला. काकांनी पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि कार्बन कॉपी रजिस्टरमध्ये.

"बाय, तू पत्रकं लिवतेस ना?" त्या दिवशी ते मला म्हणाले. "एक याच्यावर काढ."

मी लिहायची. माझे वडील छापखान्यात काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. कंपनीतल्या युनियनची पत्रकं माझ्याकडेच असत. मी हसून म्हटलं, "वायरीवर कुठे पत्रक निघतं काका? पत्रक माणसांसाठी असतं."

"वायरच्या दोनी टोकांना मानसंच हायत," ते म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून वळले.

त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही एक दिवसाचा संप केला. तळोज्याच्या यार्डात टँकर धुणारी माणसं सात-सात वर्षं कंत्राटावर होती. त्यांना कायम करा, ही मागणी. न्याय्य मागणी होती, आजही मी तेच म्हणेन. कचेरी, शाखा, यार्ड, सगळे बाहेर बसले. फक्त काका सकाळी नऊला फाटकातून आत गेले. घोषणा थांबल्या. मी पुढे होऊन त्यांना अडवलं.

"काका, आज नाही. आज तुम्ही आत गेलात तर आमचं काय राहिलं?"

"गाड्या चालू हायत," ते म्हणाले. "कंत्राटी ड्रायव्हर संपावर नायत. काल धुतलेल्या गाड्यांच्या नोंदी तळोज्याचा साहेब आज भरणार. महाडला त्या दिसल्या नाय, तं अंदाजानं भरतील. मी जोडून देतो नि तुमच्यात येऊन बसतो."

ते आले नाहीत. दिवसभर शाखांचे साहेब लोक स्वतः पडद्यापुढे बसून चुका करत राहिले आणि काका दिवसभर त्यांना जोडून देत राहिले. कंपनीनं दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की संपाचा कामावर काहीही परिणाम झाला नाही. मला त्या वाक्याचा इतका संताप आला की मी पत्रक लिहायला बसले. पत्रकाचं एक तंत्र मला घरातच मिळालं होतं: फाटकातून जाणारा माणूस एका वाक्यावर थांबला पाहिजे. ते वाक्य मला सापडलं. "घरत यांच्या हाताशिवाय या संगणकात मुंगीसुद्धा शिरत नाही. मग सांगा, संप कुणी फोडला?" खाली माझी सही.

माणसं थांबली. वाक्य गाजलं. यार्डात ते मोठ्यानं म्हटलं जाऊ लागलं, महाडचा ऑपरेटर फोनवर काकांना म्हणू लागला, "काका, मुंगी बोलतेय महाडहून, येऊ का आत?" काका म्हणायचे, "ठेव, मी करतो," एवढंच.

मला वाटलं होतं ते माझ्याशी बोलणं टाकतील. त्यांनी पत्रक घडी करून रजिस्टरमध्ये ठेवलं होतं. चहाच्या वेळी ते उघडून माझ्यासमोर धरलं.

"चांगला लिवलंस. एक चूक हाय."

"कुठली?"

"मुंगी शिरते. साहेबांच्या केबिनमधून शिरते. तुला दाखवला होता मी. पत्र तूच लिवलं होतंस."

"काका, पत्रकात एवढं बारीक लिहीत नाहीत," मी म्हटलं. "वाक्याचा जोर जातो."

"जोर जातो?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागानं नाही. चुकीच्या नंबरवर फोन लागल्यावर ते जसे थांबायचे, तसे. "बरं," म्हणाले आणि पत्रक परत रजिस्टरमध्ये ठेवलं.

पावसाळा संपता संपता ते घडलं. इब्राहिमभाई रजेवरून परत आला होता. त्याचा नेहमीचा टँकर दुरुस्तीला, म्हणून त्याला कळंबोलीच्या तळावर उभा असलेला दुसरा दिला. आधीच्या ड्रायव्हरनं त्यातून हायपो वाहून आणलं होतं आणि तो घरी गेला होता. त्या दिवशी तळोज्याची टेलिफोन लाइन खोदकामात तुटली होती. काकांच्या रजिस्टरमध्ये त्या पानावर होतं: तळोजा, नऊ चाळीस, लागत नाही. अकरा, लागत नाही. एक, लागत नाही. तीन, लागत नाही. म्हणजे त्या दिवशी तळोजा आमच्या संगणकाशी जोडलंच गेलं नाही. तरीही दुपारी बारा वाजून काही मिनिटांनी तळोज्याच्या नावानं संगणकात नोंद झाली. टँकर धुतला.

टँकर धुतलेला नव्हता. महाडला गिऱ्हाइकाचा माल अडकला होता, मुंबईला सतत फोन जात होते, हे सगळ्यांना माहीत होतं. मुंबईच्या कचेरीत कुणीतरी तो नंबर फिरवला, गणपती लिहिलं, आणि एक शब्द भरून गाडी मोकळी केली. तो हात कुणाचा, ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

महाडच्या माणसानं पडद्यावर बघितलं. त्यानं इब्राहिमभाईला विचारलंही होतं, गाडी तुझी नाही, आत बघूया का? इब्राहिमभाई म्हणाला, "घरतच्या हातून आलंय ना? मग बेफिकीर भर." आणि झाकण उघडून तो वर उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी महाडच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला. आधीचे दोन दिवस त्याला बोलता येत नव्हतं.

कंपनीनं आठवड्यात चौकशी बसवली. चौकशी कशी करतात ते मी तेव्हा पाहिलं. आधी निकाल लिहितात, मग त्याला शोभतील असे प्रश्न शोधतात. आरोप एकच: तळोज्याच्या नावानं आलेली खोटी जोडणी काशिनाथ घरत यांनी न तपासता आत घेतली. संगणकाच्या छापील कागदावर शाखेचं नाव आणि वेळ होती. नोंद कुठल्या तारेवरून आली, ते त्या कागदावर येत नव्हतं. चौकशीला कंपनीनं नेमलेले एक वकील होते. शांत, गोरे, हळू बोलणारे.

काकांनी रजिस्टर उघडून ते पान दाखवलं. वकील म्हणाले, "हे तुमच्याच अक्षरात आहे. तुम्ही जोडलं आणि लिहिलं नाही, असं का नसेल?" काकांनी पत्राची कार्बन कॉपी दाखवली. वकील म्हणाले, "पोच?" पोच नव्हती. काकांनी दुसऱ्या मोडेमचं सांगितलं. सबनीस साहेबांनी भुवया उंचावल्या. "माझ्या केबिनमध्ये? या ना, बघूया." सगळे उठून गेलो. मोडेम नव्हता. कपाट दुसऱ्या भिंतीला लागलं होतं. खोलीला नवा रंग होता. वास अजून गेला नव्हता. ज्यांनी तो बसवला ते इंजिनियर साक्षीला आलेच नाहीत. रोज तिथे झाडणाऱ्या शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "मी खाली बघून पुसतो साहेब."

आता मी उरले होते. मी तो मोडेम डोळ्यांनी बघितला होता, पत्र माझ्या हातचं होतं. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कपाट, लाल दिवा, तारीख, आवकच्या कारकुनाचे शब्द. माझा आवाज चढला होता. मला वाटलं, आता भिंत पडणार.

वकिलांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग फाइलमधून एक कागद काढला.

"बाई, हे पत्रक तुमचं?"

"हो."

"सही तुमची?"

"हो."

"पहिलं वाक्य वाचता?"

मी वाचलं. घरत यांच्या हाताशिवाय या संगणकात मुंगीसुद्धा शिरत नाही.

"हे लिहिलंत तेव्हा दुसरा मोडेम बसलेला होता, असं तुमचं म्हणणं. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय? दोन्हीपैकी एक सांगा. मी तेच लिहून घेतो."

मी काकांकडे बघितलं. ते टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत होते, चहाच्या डागांकडे.

"तेव्हा," मी म्हटलं.

वकिलांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: "साक्षीदार आपल्या सोयीनुसार खोटं लिहिते, हे तिनं स्वतः मान्य केलं." पत्रक त्यांनी पुराव्यात जोडलं. काकांच्या विरुद्ध चौकशीत एकच लेखी पुरावा होता, आणि तो मी लिहिलेला होता.

जिन्यावर मी रडत होते. काका दोन पायऱ्या खाली थांबले. मला वाटलं समजूत घालतील.

"खरा बोललीस," ते म्हणाले. "उशिरा बोललीस." आणि उतरून गेले.

त्यांना बडतर्फ केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी चार शाखांना शेवटचं जोडून दिलं, वायर काढली, खिळ्याला अडकवली. रजिस्टर कंपनीनं मागितलं. "पोच द्या," काका म्हणाले. सबनीस साहेब म्हणाले की आता त्याचा काय उपयोग. काका खुर्चीवर बसून राहिले, दोन तास, पोच हातात पडेपर्यंत. दुसऱ्या सोमवारी वायर मोडेमला कायमची लागली आणि शिपायानं पक्कडीनं खिळा उपटून काढला.

घरी जायच्या आधी काका मोहल्ल्यात इब्राहिमभाईच्या बायकोकडे गेले होते. हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. कंपनीच्या माणसांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की चूक घरतची. ती दाराआडून एवढंच म्हणाली, "घरतभाई, ते तर म्हणायचे, तुमच्या हातून आलेलं कधी गलत नसतं." हे सांगून काका मला म्हणाले, "मी काय बोलू गो बाय? माझा नंबर खरा हाय, असा तिला कसा सांगू?"

मी त्यांच्या गावी गेले ते सहा-सात महिन्यांनी. हिंमत होत नव्हती. मिठागरांवर मातीचा भराव पडला होता. बांध तसाच होता, वडिलांची ती उघाडीही होती, पण दोन्ही बाजूंना कोरडी लाल माती. काका घराच्या पडवीत बसले होते, खोकत होते, अर्धे झाले होते. मुलगी सुगंधा म्हणाली, "बाबा गावात कुनाशी बोलत नाय. लोक विचारतात, तुझ्यामुळं तो मुसलमान मेला ना?"

मी नवीन पत्रक लिहून नेलं होतं. त्यात एकही विशेषण नव्हतं. दुसरा मोडेम कुठे होता, कधी बसला, पत्र कुणी लिहिलं, आवकमध्ये काय झालं, त्या दिवशी तळोज्याला किती वेळा फोन लावला. आणि माझं पहिलं पत्रक खोटं होतं, मला ते खोटं आहे हे लिहितानाच माहीत होतं, हेही. मी ते वाचून दाखवलं. काकांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, बोटानं एकेक ओळ तपासली आणि एका जागी थांबले.

"कपाट डाव्या अंगाला होता. तू उजव्या लिवलंस."

मी दुरुस्त केलं.

"आता बरोबर," ते म्हणाले. कागद परत देत म्हणाले, "पन कोन थांबनार नाय याच्यावर. जोर नाय."

कोणी थांबलं नाही. मी फाटकावर दोनशे प्रती वाटल्या. लोकांनी घेतल्या, दोन ओळी वाचल्या, घडी घातली. तळोज्याचा एक धुणारा, ज्याच्यासाठी आम्ही संप केला होता, तो मात्र सरळ बोलला: "ताई, तेव्हा तर तुम्हीच लिहिलं होतंत की मुंगी शिरत नाही. आता कुठलं धरायचं?" सबनीस साहेबांची मुंबईला बदली झाली, वरच्या जागेवर. मला महिन्याभरात काढलं. त्याचं मला दुःख नाही.

काका पुढच्या उन्हाळ्यात गेले. सुगंधानं किराणा दुकानातून फोन केला. मी म्हटलं, "ठेव, मी करते," आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले. तिनं फोन ठेवला. मी उलटा लावला. तिनं उचलला.

त्यांच्या दहाव्याला खाडीच्या काठावर बरीच माणसं आली होती. कंपनीतलीही आली होती. माणूस गेल्यावर जायला कुणाची मनाई नसते. विधी आटोपल्यावर लोक वडाखाली बसले होते. महाडचा ऑपरेटर, तो फोनवर मुंगी म्हणणारा, डोळे पुसत म्हणाला, "काय माणूस होता! त्याच्या हाताशिवाय त्या संगणकात मुंगीसुद्धा शिरत नव्हती."

चार जणांनी माना डोलावल्या. "खरं आहे," कुणी म्हणालं. त्यांना ते वाक्य कुणाचं, कशासाठी लिहिलेलं, ते आठवत नव्हतं. वाक्य चांगलं होतं, म्हणून राहिलं होतं. ते वाक्य ते काकांना प्रेमानं वाहत होते, आणि त्यांच्यावरचा आरोप पुन्हा एकदा शाबीत करत होते.

सुगंधा तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"शिरत होती," मी म्हटलं. माझा आवाज मला फार मोठा वाटला. "साहेबांच्या केबिनमध्ये दुसरा मोडेम होता. डाव्या अंगाच्या कपाटामागे. मी पाहिला होता. मी लिहिलं नाही."

कुणीतरी खाकरलं, कुणी चपला शोधू लागलं. दहा मिनिटांत वडाखालचे लोक एकेक करून उठून गेले. सुगंधानं तांब्या खाली ठेवला आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली.